संदेश पाच ऐकते, प्रार्थना एकही होत नाही

पत्र (थोडं छोटं केलंय, ओळख पटेल अशा गोष्टी काढल्यात):

"ताई, सलाम. मी मूळची नगरची, लग्नानंतर पुण्यात वाकडला, आयटीत आहे, मुलगी सहा वर्षांची. लहानपणी आमच्या घरी रोज दिवेलागणीला उपासना व्हायची, आई गीत सुरू करायची, पप्पा वचन वाचायचे. पप्पा आधीच गेले, आईला जाऊन दोन वर्ष झाली. मी चर्चला जाते, संडे स्कूल घेते (ते उपासनेच्या वेळेलाच असतं), ऑफिसला जातायेता यूट्यूबवर संदेश (पाळकांची प्रवचनं) ऐकते, कधीकधी दिवसाला चार-पाच होतात. रोज सकाळी वचनाचं स्टेटस टाकते. पण प्रार्थनेला बसलं की आत काहीच होत नाही, दोन मिनिटात मोबाईल हातात येतो. रात्री कॉल असतात, झोपायला एक-दीड होतो. सेल ग्रुपमधल्या (चर्चचा छोटा प्रार्थना गट) एक बाई म्हणाल्या घरावर शाप असेल, तीन दिवस उपास कर आणि एका ऑनलाइन प्रचारकांच्या सेवेत बी पेर. भावाशी घराच्या वाटणीवरून दीड वर्ष बोलणं नाही पण तो विषय वेगळा. संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवताना मला ढोंगी वाटतं. ते सोडून देऊ का? आणि माझा विश्वास गेला का?"

सलाम ग बाई. तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा घाईत आणि एकदा रात्री शांतपणे, आणि दुसऱ्या वेळेला मला त्यात तू न विचारलेलं पण बरंच काही दिसलं. वयाने तू बरीच लहान आहेस म्हणून सरळ तू म्हणते, राग मानू नको.

आधी तुझा शेवटचा प्रश्न घेते कारण रात्री एक वाजता तोच डोक्यात फिरत असणार. विश्वास गेला का. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे, त्याच्या पोराला झटके येतात, विस्तवात पडतं, पाण्यात पडतं, शिष्यांनी हात टेकलेत. तो येशूला म्हणतो, तुला काही करता येत असेल तर कर. आणि मग एका दमात दोन्ही बोलून जातो, की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालव. बघ, येशूने त्याला परत पाठवलं नाही की जा आधी शंभर टक्के विश्वास घेऊन ये मग बघू. पोरगा तिथेच बरा झाला. तेव्हा तुझ्यात जे अर्धंमुर्धं आहे ना, ते घेऊन येता येतं. एवढं सध्या पुरे, याच्यावर जास्त चर्चा करत बसू नको, स्वतःच्या विश्वासाची नाडी दर अर्ध्या तासाला तपासत बसलं की उलट जीव घाबरतो.

आता त्या शापाचं. मला हे वाचून खरंच संताप आला, त्या बाईंवर नाही, त्यांना पण कोणीतरी हेच शिकवलं असणार, पण या शिकवणीवर. आई गेलीय, झोप नाही, घरात भांडण आहे, अशा बाईला सांगायचं तुझ्यावर शाप आहे आणि पैसे पाठव! योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी, आणि येशू सांगतो याने पण नाही आणि त्यांनी पण नाही. ईयोबाचे मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस जमिनीवर त्याच्याजवळ नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी केलेलं तेवढंच काम चांगलं होतं, तोंड उघडल्यावर सगळी वाट लागली आणि शेवटी देवानेच त्यांना झापलं. बी पेरायचं म्हणून एक रुपया कुठे पाठवू नको. दान करायचं असेल तर तुझ्या सोसायटीत जी बाई कामाला येते तिच्या पोराची फी भर, किंवा तुझ्या स्वतःच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, दे जिथे हिशोब विचारता येतो. आणि तीन दिवसाचा उपास तर मुळीच नको, का ते आता सांगते.

एलीयाची गोष्ट तू मुलांना शिकवली असशील, कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी पडतो ती. आपण बहुतेक तिथेच थांबतो, चित्रात पण तेच असतं. पण १ राजे १९ मध्ये पुढे काय होतं बघ. एवढा मोठा विजय झाल्यावर तोच माणूस ईजबेल राणीच्या धमकीला घाबरून पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, आता मला मरू दे. आणि झोपतो. देव काय करतो? वचन ऐकवत नाही, रागवत नाही, तुझ्या जीवनात काय पाप आहे म्हणत नाही. देवदूत येऊन त्याला हात लावून उठवतो, तापलेल्या दगडांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं असतं, तो खातो आणि परत झोपतो. देवदूत परत येतो, परत खायला घालतो, म्हणतो तुला वाट फार आहे. मग चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगराला जातो आणि तो वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी ती मंद वाणी, ते सगळं नंतरचं. आधी दोन वेळा जेवण आणि दोन वेळा झोप.

तू रात्री दीडला झोपतेस, सकाळी मुलीच्या शाळेची बस, डबा, मग ट्रॅफिक. त्या शरीराने पहाटे उठून देवासमोर ताजंतवानं बसावं अशी तुझी अपेक्षा आहे. मॅनेजरशी बोल, आठवड्यातले दोन रात्रीचे कॉल तरी कमी होतात का बघ, नवऱ्याला सांग सकाळचा डबा निदान तीन दिवस तो करेल. हे मी अध्यात्म म्हणूनच सांगतेय, टाईम मॅनेजमेंट म्हणून नाही. आणि अजून एक, हे लाजायचं नाही, जर भूक मेली असेल, कशातच मन रमत नसेल, सकाळी उठूच नये असं आठवडेच्या आठवडे वाटत असेल, कधी जीव नकोसा होत असेल, तर डॉक्टरला दाखव, किंवा सरकारची टेलि-मानस लाईन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. शुगरची गोळी घेताना आपण म्हणत नाही माझा विश्वास कमी पडला. मनाच्या गोळीला का म्हणायचं?

बरं आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य. आई गीत सुरू करायची. म्हणजे बघ हं, तुझ्या आयुष्यभर प्रार्थना ही अशी गोष्ट होती जी कोणीतरी दुसरं सुरू करायचं आणि तू त्यात आपला आवाज मिसळायचीस. सासरी आल्यावर पण, मला वाटतं, आई फोनवर प्रार्थना करायची आणि तू आमेन म्हणायचीस, नगरच्या बहुतेक आया तेच करतात, जावयाच्या प्रमोशनपासून नातीच्या खोकल्यापर्यंत सगळं फोनवर देवाला सांगून टाकतात. ती आई गेली. तू जे म्हणतेस ना की प्रार्थनेला बसलं की आत काहीच होत नाही, त्यातलं निम्मं तरी मला आईचं जाणं वाटतं, त्याला विश्वास आटला असं नाव देऊ नको. दोन वर्ष म्हणजे काही फार नाहीत. रडली आहेस का नीट? का अंत्यविधीला आलेल्यांना चहा विचारत फिरलीस, त्यानंतर घराच्या कागदपत्रांचं भांडण सुरू झालं आणि मग रडायचं राहूनच गेलं?

आणि दुसरं निम्मं म्हणजे, आता पहिल्यांदा तुला स्वतः गीत सुरू करायचंय. इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. आपण त्यांचं नाव केडगावच्या मुक्ती मिशनसाठी घेतो (दौंडकडचं केडगाव, आपल्या नगरजवळचं नाही, हा घोळ बरेच जण करतात), दुष्काळात आणलेल्या शेकडो मुलीबाळी, मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, वगैरे. पण त्यांनी स्वतःच्या साक्षीत एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवलीय जी संडे स्कूलच्या पुस्तकात येत नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. आणि त्या म्हणतात की त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमाराला, त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. आठ वर्ष! आणि या आठ वर्षात त्या काय हातावर हात ठेवून बसल्या होत्या का, अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं दिली, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, टीका सोसली, विधवा मुलींना शिकवलं, पोटच्या मनोरमेला वाढवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं केवढी खंबीर ख्रिस्ती बाई. आतून त्या शोधतच होत्या, आणि शोधताना हातातलं काम टाकलं नाही. पुढे १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी बायबलचं काम सुरूच ठेवलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. एवढ्या मोठ्या बाईला आठ वर्ष लागली तर वाकडमधल्या आईला दोन-तीन वर्ष कोरडी गेली म्हणून आभाळ कोसळत नाही.

आता संदेश. दिवसाला चार-पाच. कोणाचे ऐकतेस ते तू लिहिलं नाहीस आणि मला त्यात पडायचं पण नाही, चांगलेच असतील. पण डोंगरावरच्या प्रवचनाचा शेवट काढ, मत्तय ७, खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर. आपण मुलांना त्याचं गाणं हातवारे करून शिकवतो. त्यात एक गोष्ट निसटते, की दोघंही ऐकतात. शहाणा पण ऐकतो आणि मूर्ख पण तेच वचन ऐकतो, पाऊस दोघांवर पडतो, पूर दोघांना येतो, वारा दोघांच्या घराला लागतो. फरक एवढाच की एक जण ऐकलेलं करतो. तुझ्याकडे ऐकण्याची कमतरता नाहीये, तुझ्याएवढं ऐकणारं माणूस माझ्या ओळखीत नाही. रेसिपीचे व्हिडिओ बघून बघून कोणाचं पोट भरलंय का, आणि वर गंमत अशी की खूप बघितलं की स्वयंपाक केल्यासारखं वाटायला लागतं.

इग्नेशियस लोयोला माहीत आहे का, येशूसंघ काढणारे, कॅथलिक आहेत म्हणून आपल्यातले काही नाक मुरडतील, मुरडू देत. हा माणूस शिपाईगडी. १५२१ ला पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला, महिनोन्महिने अंथरुणावर. करमणुकीला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या तर घरात होतं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा, तेच वाचलं. पडल्या पडल्या तो दोन्हीची स्वप्नं बघायचा, दरबारातल्या पराक्रमाची पण आणि संतांसारखं जगायची पण. बघताना दोन्हीत मजा यायची. पण पहिल्या प्रकारचं स्वप्न संपलं की मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्या प्रकारचं संपल्यावरही समाधान टिकून राहायचं. एवढ्याशा निरीक्षणावर त्याने पुढे अख्खी पद्धत उभी केली. तर तू पण हेच कर, संदेश संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचार, आता मी कशी आहे. ऐकताना अंगावर काटा येतो तो धरायचा नाही, अर्ध्या तासानंतरचं धरायचं. तेव्हा जर नुसती अस्वस्थता, भीती, आपण कमी पडतोय अशी टोचणी उरली असेल तर ते चॅनल बंद. माझ्या हिशोबाने आठवड्याला एक संदेश पुरतो, रविवारचा. बाकी वेळ गाडीत खिडकीबाहेर बघ, हिंजवडीच्या सिग्नलला देवाने पण तुझ्याबरोबर ताटकळत बसावं, काही बिघडत नाही. आणि वचनाचं स्टेटस महिनाभर बंद ठेव. कोणी विचारलं तर म्हण फोन बिघडलाय, नको खोटं नको, म्हण विश्रांती घेतेय.

मग करायचं काय? फार काही नाही, आणि जे सांगते ते कंटाळवाणं आहे हे आधीच सांगते.

आईचं बायबल कुठे आहे? पत्रात तू ते लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज की प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटावर ठेवलं असेल, आपल्याकडे तसंच ठेवतात. ते खाली काढ. त्या पिढीच्या बायका समासात पेन्सिलने तारखा लिहायच्या, शेजारी अर्धं वाक्य, ऑपरेशन, नोकरी, बाळंतपण, कोणाचा तरी अपघात. तुझ्या आईने लिहिलं असेल तर बघ कोणत्या स्तोत्राजवळ जास्त गर्दी आहे. मग रोज एक स्तोत्र, मोठ्याने वाचायचं, मनात नाही, ओठ हलवून. १५० आहेत, पाच महिन्यात होतात. ११९ वं आलं की एका बैठकीत संपवायचा हट्ट नको, १७६ वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेतच पाडलेले, तसं घे. वाचून काही वाटलं नाही तरी चालेल, स्तोत्र तुझ्या वतीने बोलतं, तुला सुचायची गरजच नाही. आणि बायबलमध्ये किती तक्रारी आहेत ते तुला तेव्हा कळेल. तेराव्या स्तोत्रात दावीद चार-चारदा विचारतो, कुठवर परमेश्वरा, कुठवर. अठ्ठ्याऐंशीवं तर असं आहे की शेवटपर्यंत उजेड पडतच नाही, अंधारातच संपतं. ते पण पवित्र शास्त्रातच ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे तू देवासमोर बसून मला काहीच वाटत नाहीये असं म्हणालीस तर ती प्रार्थनाच आहे, तुझ्या आधी कोणीतरी गाऊन ठेवलेली.

वेळ एकच ठेव आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. पहाटेच पाहिजे असं नाही, दानीएल दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकायचा, त्याने काही पहाटेचा मक्ता घेतला नव्हता, महत्त्वाचं हे की तो आधीपासून जसं करत होता तसंच करत राहिला, राजाचा हुकूम आला त्या दिवशी पण. तुला दुपारी जेवणानंतर ऑफिसच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं मिळत असतील तर ती.

आणि दिवेलागणीची उपासना घरात परत सुरू कर. तू, नवरा, पोरगी. दहा मिनिटं, जास्त नाही, सहा वर्षांच्या पोराला दहा मिनिटं म्हणजे खूप. एक गीत, दोन-चार वचनं, प्रभूची प्रार्थना, झालं. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घरात नसेल तर नगरहून मागव, त्यातली रेव्हरंड टिळकांची गीतं घे, शेकडो लिहिलीत त्या माणसाने आणि बरीचशी आपल्या नगरच्या मातीतली, अभंग-भजनाच्या चालीची, त्याला गिटारही लागत नाही आणि स्क्रीनही. सूर लागला नाही तरी सुरू कर. नवरा आढेवेढे घेईल, इंग्लिश मिडियमवाला असेल तर मराठी गीत वाचताना अडखळेल, हसा खुशाल. मुलीला रोज एक काम दे, एक दिवस गीत ती निवडेल, एक दिवस ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव ती सांगेल, पोरं काय काय नावं काढतात बघ, वॉचमनकाका, शेजारचं कुत्रं.

आता तो विषय वेगळा. अगं, तो विषय वेगळा नाहीये. एवढ्या लांब पत्रात तू भावाला एक ओळ दिलीस आणि त्यातही "पण" घातलंस. मी वर म्हणाले ना ऐकणारे दोघंही होते, करणारा एक होता, तर त्याच प्रवचनात, मत्तय ५ मध्ये, करायचं काय त्याचं फार अडचणीचं उदाहरण आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. मी शापवाल्या बाईंसारखं बोलत नाहीये हं, भावाशी भांडलीस म्हणून देवाने तुझी प्रार्थना बंद केली असं मी मुळीच म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की डोळे मिटून शांत बसलं की आधी वर काय येतं? मला खात्री आहे भावाचं शेवटचं वाक्य येतं, किंवा वहिनीचं, आणि ते आलं की हात मोबाईलकडे जातो. त्या दोन मिनिटात तू देवापासून पळत नाहीस, त्या वाक्यापासून पळतेस.

पण इथे नीट ऐक, कारण आपल्याकडे बायकांना क्षमेच्या नावाखाली भरपूर लुबाडलंय. क्षमा करणं म्हणजे हक्कसोडपत्रावर सही करणं नव्हे. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, १९२५ चा, आणि आईने मृत्युपत्र केलं नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. तुला तो घ्यायचा असेल तर घे, सोडायचा असेल तर शांत डोक्याने, वकिलाला विचारून सोड, पण मंडळीतल्या कोणी "तू विश्वासणारी आहेस ना" म्हणून हात पिरगाळला तर सही करू नको. वाटणी वकिलाकडे जाऊ दे आणि भाऊ तुझ्याकडे राहू दे, या दोन फाईली वेगळ्या कर. फोन कर आणि घराचा विषय काढू नको. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला काय करायचं विचार, नाहीतर नुसतं विचार की पप्पा जे गीत नेहमी म्हणायचे त्याचं दुसरं कडवं कसं होतं रे. तो फोन आपटेल कदाचित. पौल रोमकरांना लिहितो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. शक्य असेल तर असं त्यानेच म्हटलंय, म्हणजे कधीकधी शक्य नसतं हे पौलालाही ठाऊक होतं. तुझ्याकडून होईल तेवढं झालं की तुझं काम झालं.

चर्चबद्दल तू फार लिहिलं नाहीस, पण तुझ्या भागातली मोठी इंग्लिश चर्चेस मला माहीत आहेत, हॉल, बँड, लाईट, पार्किंगला व्हॉलंटियर. बँडवर माझा राग नाही, तरुण पोरं त्याने टिकतात. पण तिथे तू तीन रविवार आली नाहीस तर कोणाच्या लक्षात येईल का, हा प्रश्न विचार. उत्तर नाही असेल तर महिन्यातून एकदा तरी शहरातल्या जुन्या मराठी उपासनेला जा, जिथे कोणीतरी म्हातारी तुझं माहेर, आडनाव, आजोळ सगळं उकरून काढेल. त्रास होतो त्याचा, माहितीये. त्या त्रासासाठीच जा.

राहिलं संडे स्कूल. इग्नेशियसचाच एक नियम आहे, मन उदास आणि कोरडं असताना आधी चांगल्या वेळी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर ऊन पडल्यावर बदल. म्हणून सोडायचं की नाही हा निर्णय पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, बाजूला ठेव. ढोंगी वाटतं म्हणतेस, तर जॉन वेस्लीला, पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या इंग्रज पाळकाला, पण १७३८ ला हेच वाटत होतं, स्वतःकडे विश्वास नाही आणि दुसऱ्यांना काय सांगू, म्हणून तो उपदेश करणं बंद करायला निघाला होता. पीटर बोहलर नावाच्या मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मित्राने त्याला सांगितलं, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश कर, मिळाला की मग मिळालाय म्हणून करशील. त्याच वर्षी २४ मेला लंडनमध्ये, एका छोट्या सभेत जायची इच्छा नसताना गेला, आणि तिथे त्याच्या मनाला ऊब आली, पुढचं सगळं जग जाणतं. ढोंगी तो जो आतून एक असतो आणि बाहेर दुसरं दाखवून फायदा उपटतो. तुला काय फायदा, फाटलेले क्रेयॉनचे डबे?

पण एक गोष्ट बदल, आणि ती तू कंसात लिहिलीस, संडे स्कूल उपासनेच्या वेळेला असतं. म्हणजे तू स्वतः नीट बसून उपासना शेवटची कधी केलीस, प्रभुभोजन (चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस) कधी घेतलंस? दर रविवारी पोरांना सांभाळत मागच्या खोलीत बसायचं आणि मग जातायेता यूट्यूबवर भरून काढायचं, असं चाललंय तुझं. पाळकांना भेट आणि सांग की एकाआड एक रविवारच घेईन, दुसरं माणूस द्या, आणि प्रभुभोजनाचा रविवार माझा मोकळा ठेवा. माणूस मिळत नाही म्हणतील, नेहमी म्हणतात. तर सांग, त्या रविवारी पोरांना तासभर आईबापांजवळ बसू द्या, आमच्या नगरला आम्ही सगळे तसेच चटईवर चुळबुळत वाढलो.